जुनी बॉक्सिंगची पुस्तकं छापताय? मग नियमही छापा

इंग्लंडमधली अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली बॉक्सिंगची पुस्तकं आज कुणीही छापू शकतं, कॉपीराइट केव्हाच संपलाय. म्हणून फुकटचा स्कॅन उचलायचा, वर झकास मुखपृष्ठ चढवायचं आणि विकायला काढायचं, हे मला अजिबात पटत नाही. ही पुस्तकं समोर ठेवून लोक सराव करतात. छपाई चुकली तर हाडं मोडतात.

सगळ्यात आधी, पुस्तक कुठल्या नियमांच्या काळातलं आहे ते पहिल्याच पानावर हवं. नामांकित इंग्लिश मुष्टियोद्धे जॅक ब्रॉटन यांच्या १७४३च्या नियमांत कमरेखाली धरायला मनाई होती, वर धरून आपटायला नव्हती. गडी पडला की फेरी संपली. म्हणून त्या काळी ‘क्रॉस-बटक’, म्हणजे आपल्या धोबीपछाडीच्या जवळचा डाव, बॉक्सिंगचाच भाग होता. ग्लोव्हज, तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती आणि पकडीला बंदी हे आले १८६७च्या क्वीन्सबरी नियमांत. हे ठाऊक नसलं की चित्रातला मागे रेललेला, हात लांब पुढे धरलेला गडी खुळा वाटतो. तो खुळा नाही. ग्लोव्हजच्या आड तोंड लपवता येतं, उघड्या मुठींच्या आड नाही, म्हणून तो अंतर राखतो. आणि उघडी मूठ कवटीवर बसली तर करंगळीच्या मागचं तळव्यातलं हाड आधी जातं.

आता मजकूर. कॅप्टन जॉन गॉडफ्री यांचं तलवारबाजी आणि बॉक्सिंगवरचं पुस्तक १७४७चं. त्या काळच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ लांब असे, जवळजवळ ‘एफ’सारखा. ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, तो ‘एफ’ वाचतं. ‘साइट’चं (नजर) ‘फाइट’ होतं, ‘स्लिप’चं ‘फ्लिप’, आणि दोन्ही खरे शब्द असल्यामुळे स्पेलचेक गप्प बसतं. बॉक्सिंगच्या पुस्तकात ‘फाइट’ खटकणार तरी कुणाला? याला उपाय एकच: मूळ पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचायची. छापतानाही डावीकडे मूळ पान आणि उजवीकडे नवा मजकूर ठेवावा, म्हणजे शंका आली तर वाचक स्वतः ताडून पाहील.

चित्रांकडे तर कुणी बघतच नाही. छापील चित्रावरून नवा ठसा कोरताना ते आधी उलटं उतरवलं नाही, तर छापल्यावर डावं-उजवं बदलतं. नकली आवृत्त्यांत हे फार होतं. मजकूर म्हणतो डावा पाय पुढे, चित्रात उजवा. अशा वेळी चित्र गुपचूप उलटवू नका, खाली टीप द्या. रेषाचित्रं ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, ३००ला बोटांच्या बारीक रेषा एकमेकींत मिसळतात आणि मूठ कशी वळलीय तेच कळत नाही.

तयारीच्या प्रकरणात जुलाब, घाम काढणं, पाणी मोजून पिणं असले सल्ले सापडतात. ते गाळू नका, पण आज करू नयेत असं त्याच पानावर स्पष्ट छापा. शेवटच्या परिशिष्टात कुणी जात नाही.

आणि कृपा करून फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवून बांधा. नुसत्या गोंदावर चिकटवलेलं पुस्तक जमिनीवर उघडं राहत नाही, आणि दोन्ही हात मुठी वळण्यात गुंतलेला माणूस पान धरणार कशाने?