रिकाम्या जागेचा हिशेब

अहवालातील तारखांचा रकाना सरळ रेषेत दिसावा, एवढीच आमच्या वरिष्ठांची मागणी होती, आणि "दहा मिनिटांत करून देतो" असे मी ज्या उत्साहाने म्हणालो, तो उत्साह आज मला दुसऱ्याच कोणाचा तरी वाटतो.

जावा या प्रोग्रामिंग भाषेत तारीख कशी छापायची हे अक्षरांच्या साच्याने, म्हणजे पॅटर्नने, सांगतात. त्या पॅटर्नमध्ये दिवसासाठी एकच 'डी' लिहिला, तर 9 तारखेला एक अंक मिळतो आणि 10 तारखेला दोन. दोन 'डी' लिहिले, की 09 उमटतो आणि सगळ्या तारखा शिस्तीत उभ्या राहतात. परंतु वरिष्ठांना ते शून्य खटकले. "तारीख नऊ आहे, शून्य-नऊ नाही," असे ते म्हणाले, आणि त्यावर मला खरोखरच काही उत्तर सुचले नाही. शून्य जावे पण त्याची जागा राहावी, म्हणजे भाडेकरू गेल्यावरही खोलीला कुलूप लावून ठेवावे, असा हा प्रकार होता. 2014 साली आलेल्या जावा 8 मध्ये त्याचीही सोय आहे: 'डी'च्या आधी दोन 'पी' लिहिले, की एकेरी अंकाच्या डावीकडे आपोआप एक स्पेस येते. हे ठाऊक होण्यापूर्वी मी तीन तास इफ-एल्स, म्हणजे 'असे असेल तर हे, नाहीतर ते' अशा अटी, लिहीत होतो, हे केवळ सत्याला स्मरून नमूद करतो.

मग महिन्यांची नावे मराठीत हवीत, असे ठरले. सर्वांत लांब नाव फेब्रुवारीचे, म्हणून प्रत्येक नावाला दहा घरे दिली आणि उरलेली घरे स्पेसने भरली. आपल्या डोळ्यांना फे, ब्रु, वा, री अशी चार अक्षरे दिसतात. जावा मात्र पाच व्यंजने आणि मात्रा, हलन्त, उकार, काना, वेलांटी अशी पाच चिन्हे वेगवेगळी मोजून दहाचा आकडा गाठते. परिणामी फेब्रुवारीला एकही स्पेस मिळाली नाही, मे महिन्याला मात्र आठ मिळाल्या, आणि रकान्यातील साले दातांच्या कवळीसारखी पुढेमागे झाली. शेवटी महिने अंकांत लिहायचे ठरले. (घाईत मोठ्या 'एम'ऐवजी लहान 'एम' लिहिल्याने महिन्याच्या जागी मिनिटे छापली गेली, आणि एक दिवस सत्तेचाळिसाव्या महिन्यात गेला.)

एवढ्यात जावाची आवृत्ती 20 झाली. अपेक्षित मजकूर आणि मिळालेला मजकूर तंतोतंत सारखा दिसत असूनही इंग्रजी वेळेची टेस्ट, म्हणजे हे दोन मजकूर जुळतात का ते आपोआप पाहणारी चाचणी, नापास होऊ लागली. दोन दिवसांनी कळले, की स्थानिक शैलीत मिनिटे आणि 'पीएम' यांच्यामध्ये आता साधी नव्हे, तर अरुंद, न तुटणारी स्पेस येते. रिकाम्या जागेतही जाती असतात, हे मला तोवर माहीत नव्हते.

अखेर अहवाल गेला. वरिष्ठांनी तो ज्या फॉन्टमध्ये उघडला, त्यात स्पेसची रुंदी अंकाच्या निम्मीच होती. बराच वेळ त्या वाकड्या रकान्याकडे पाहून त्यांनी विचारले, "ते शून्य परत आणता येईल का?"