पंप बदलायच्या आधी व्होल्टेज मोजा: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, (तुम्ही स्वतःच लिहिलंय की तीस वर्षं गॅरेज चालवलं, म्हणून काका म्हणतोय, चालेल ना?) तुमची कमेंट आल्या आल्या वाचली होती पण दोन ओळीत उत्तर देऊन भागण्यासारखी नव्हती, म्हणून आज जरा सवडीने लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. माझ्या २००५ सालच्या छोट्या हॅचबॅकचा फ्युएल पंप (टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलतो तो) मी घरीच बदलला त्याबद्दल मागे लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं की एक तर पेट्रोलचं काम घरी करा म्हणून सांगणं म्हणजे लोकांना आगीत ढकलणं, दुसरं म्हणजे मीटर लावून मोजमापं घेण्यात मी उगाच पाल्हाळ लावला, टाकीला ठोसा मारला आणि गाडी चालू झाली की पंपच गेलेला असतो हे कुठलाही मिस्त्री सांगेल, तिसरं म्हणजे अख्खी असेंब्ली (मोटर, फ्लोट, सांगाडा सगळं एकत्र) न टाकता नुसती मोटर बदलणं ही चिंधीगिरी, आणि खरा गुन्हेगार पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल आहे त्याचं नाव घ्यायला मी घाबरलो.

घाबरलो वगैरे काही नाही हो. पण आधी ठोशाचं बघू, कारण माझं सगळं म्हणणं तिथंच आहे.

ठोसा मारून पंप चालू होतो हे शंभर टक्के खरं. आतल्या मोटरचे कार्बन (म्हणजे ब्रश) झिजलेले असतात, कम्युटेटरवर (ज्या पट्ट्यांवर कार्बन घासतात) नेमका वाईट जागी आर्मेचर (फिरणारा भाग) थांबला की मोटर उठत नाही, हादरा बसला की कार्बन परत टेकतो आणि पंप घुर्र करतो. पण त्याच हादऱ्याने टाकीच्या डोक्यावरचा कनेक्टर पण हलतो ना! पिन सैल असेल, काळी पडली असेल तर ती पण त्या ठोशाने टेकते. मग चालू कशाने झालं, कार्बनने की पिनने? ठोसा हे सांगत नाही. तुम्हाला तीस वर्षांच्या अनुभवावर आवाजातून कळत असेल, मी नाही म्हणत नाही, पण माझ्यासारख्याला आणि आजकाल गॅरेजात नवीन लागलेल्या पोरांना ते कळत नाही आणि ते सरळ पंप मागवून मोकळे होतात.

माझ्या गाडीचं दुखणं असं होतं की सकाळी सेल्फ लांब मारायला लागायचा, गावात ठीक चालायची, पण मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना एसी लावून तिसऱ्यावर दाबली की झटके मारून बंद. बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलं, की जणू काही झालंच नाही अशी चालू. आता हे लक्षण पंपाचं आहेच, पण क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय का ते सांगणारा) गरम होऊन मेला तरी गाडी अशीच बंद पडते आणि गार झाली की चालू होते. सेन्सरने सिग्नल दिला नाही तर ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन फिरतच नाहीये, आणि तो पंप स्वतःच बंद ठेवतो. म्हणजे तुम्ही मागच्या सीटला (टाकी तिच्याखाली असते) कान लावणार, आवाज नाही म्हणणार, पंप मेला म्हणणार, आणि पंप बिचारा ऑर्डरची वाट बघत बसलेला. फरक ओळखायचा तर प्लगला स्पार्क आहे का बघा. सेन्सर गेला असेल तर स्पार्क पण नसतो, पंप गेला असेल तर स्पार्क असतो आणि पेट्रोल नसतं. त्यात रिले (पंपाला करंट सोडणारा स्विच) आहे, फ्यूज आहे, चोक झालेला फिल्टर आहे, अर्थिंग आहे. प्रत्येकाची लक्षणं थोड्याफार फरकाने सारखीच.

आता मोजमाप. मी काय केलं तर पंपाचा कनेक्टर लावलेलाच ठेवून, टाकीचं झाकण बंद असताना, इंजिन चालू ठेवून मागून पिनांना मीटर लावला. हे "चालू असताना" फार महत्त्वाचं आहे, कारण कनेक्टर काढून मोकळ्या वायरला मीटर लावला तर वायरचा एक केस जरी शाबूत असेल तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, मीटरला करंट लागतच नाही जवळजवळ. पंपाला चार-पाच अँपिअर लागतात, तो ओढायला लागला की खरी परिस्थिती कळते. मीटर नसेल तर २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब टेस्टलॅम्प म्हणून लावा, तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, निदान अगदीच गेलेली वायर पकडतो. मला बॅटरीवर साडेतेराच्या वर मिळत होतं आणि पंपाच्या पिनांवर दहाच्या आत. अर्धा-एक व्होल्ट पडला तर समजू शकतो, साडेतीन कुठे गेले? कनेक्टर काढून बघितला तर अर्थिंगच्या पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक भाजून तपकिरी झालेलं, पिनेवर हिरवट काळी पूड, आणि पिनेचं तोंड इतकं पसरलेलं की वायर ओढल्याबरोबर हातात आली.

इथे मी पंप मागवून टाकला असता तर काय झालं असतं सांगा. नवीन पंपाला पण दहा व्होल्टच मिळाले असते, डीसी मोटर, व्होल्टेज कमी तर फिरणं कमी, प्रेशर कमी, गाडी परत घाटात बंद. आणि मी स्पेअरवाल्याच्या काउंटरवर जाऊन डुप्लिकेट माल दिला म्हणून भांडलो असतो. असे "तीन पंप बदलले तरी तेच" वाले लोक तुम्ही पण बघितले असतील की.

पिन नवीन क्रिंप केली (वायरवर दाबून बसवली), व्होल्टेज तेराच्या जवळ आलं, मग प्रेशर गेज लावला. एमपीएफआयला (म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या इंजिनाला) साधारण ३ बार लागतं, मला दोनच्या पुढे काटा जात नव्हता, फिल्टर नवीन टाकून पण नाही. चावी बंद केली की काटा झरझर खाली, म्हणजे पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारा) पण गेलेला (इंजेक्टर किंवा रेग्युलेटर गळला तरी असंच होतं, ते वेगळं तपासलं), सकाळच्या लांब सेल्फचं कारण ते. तेव्हा कुठे मी म्हटलं की हां, आता पंप गेला. म्हणजे शेवटी तुम्ही म्हणता तो पंपच निघाला, पण झिजलेला पंप जास्त करंट ओढू शकतो आणि तोच करंट सैल कनेक्टर भाजतो, म्हणजे दुखणी दोन होती आणि ठोशाने फक्त एकच सांगितलं असतं.

तुम्ही जे लिहिलंय की आमच्या मारुती ८०० ला असली नाटकं नव्हती, ते बरोबरच आहे, पण ती कार्बोरेटरची ८००. तिचा पंप इंजिनवर, कॅमवर चालणारा, आत डायफ्राम, प्रेशर नावापुरतं. खोलायचा, किट टाकायची, परत लावायचा. २००० साली ८०० ला एमपीएफआय आलं तेव्हापासून तिचा पण पंप इलेक्ट्रिक झाला आणि टाकीत गेला. तो पेट्रोलमध्येच बुडून असतो, पेट्रोलच त्याला गार ठेवतं आणि वंगण पण तेच. म्हणून कायम रिझर्व्हमध्ये गाडी चालवणाऱ्यांचे आणि सीएनजीवर चालवून टाकीत जेमतेम दोन लिटर पेट्रोल ठेवणाऱ्यांचे पंप लवकर जातात. बऱ्याच किटमध्ये गाडी गॅसवर असली तरी पंप फिरतच असतो, तो बिचारा अर्धा कोरडा. तळातला गाळ ओढतो म्हणून रिझर्व्ह वाईट असं सगळे म्हणतात ते मला फारसं पटत नाही, पंपाची जाळी टाकी फुल असली तरी तळालाच असते.

मोटर की असेंब्ली. असेंब्लीला मला सांगितलेली किंमत मोटरच्या चौपट होती आणि गाडीची आजची किंमत बघता मी मोटर घेतली, चांगल्या कंपनीची. फ्लोट (पेट्रोलवर तरंगून पातळी सांगणारा), प्लास्टिकचा सांगाडा, सगळं धडधाकट असताना ते का फेकू? पण तुमचा राग कशावर असेल ते मला कळतं, कारण मोटर बदलताना लोक आतला पाइप कसला टाकतात ते मी पण बघितलंय. बाहेरून चालणारा साधा फ्युएल पाइप फक्त आतून पेट्रोल सहन करतो, टाकीत बुडवला की बाहेरून फुगतो, मऊ होतो आणि काही महिन्यांत क्लिपच्या कडेला चिरतो. मग पेट्रोल टाकीतल्या टाकीत गळतं, बाहेर थेंब नाही, वास नाही, फक्त प्रेशर नाही, आणि परत "पंप डुप्लिकेट". टाकीत बुडवायचा पाइप वेगळा येतो, त्यावर ३०आर१० असं छापलेलं असतं, महाग असतो, पण बोटभरच लागतो. ते छापलेलं नसेल तर घेऊ नका. जाळी नवीन टाका आणि झाकणाखालची रबर रिंग पण नवीनच, जुनी रिंग एकदा काढली की फुगून इतकी मोठी होते की परत खाचेत बसतच नाही, आणि काही पोरं ती ताणून ताणून सिलिकॉन लावून बसवतात. सिलिकॉन पेट्रोलमध्ये टिकत नाही.

आता आगीचं. यावर तुमच्याशी अजिबात वाद नाही. पेट्रोलची वाफ उणे ४० डिग्रीला पण पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड, म्हणजे उडून जात नाही, जमिनीवर पसरते आणि खोलगट जागा शोधते. म्हणून सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये किंवा खड्ड्यावर गाडी घेऊन हे काम करायचं नाही, म्हणजे नाहीच. मोकळ्यावर करा. आधी पंपाचा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, टाकीत पाव भागाच्या वर पेट्रोल नको, पंपाच्या झाकणाची लॉक रिंग ठोकायला पितळेचा तुकडा घ्या, वायरवाला बल्ब जवळ नको, पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. लोक विचारतात की आत मोटरचे कार्बन ठिणग्या मारत असतात तर टाकी का नाही उडत? कारण हवेत वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली तरच भडका होतो, बंद टाकीत वाफच इतकी दाट असते की पेटायला हवा पुरत नाही. झाकण उघडलं की हे गणित बदलतं, म्हणून उघड्या टाकीत पंप चालवून बघायचा मोह टाळा. आणि ज्यांची टाकी खालून उतरवावी लागते, मागच्या सीटखाली झाकण नाही, त्यांनी हे घरी करू नये. जॅकवर गाडी, पोटावर पेट्रोलची टाकी, हे गॅरेजचंच काम.

इथेनॉल. मी साखर कारखान्यांच्या पट्ट्यात राहतो, त्यामुळे या विषयावर चहाच्या टपरीवर रोज दोन पार्ट्या पडतात. एप्रिल २०२३ पासूनच्या नवीन गाड्यांचे पार्ट ई-२० ला (२० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला) चालतील असे बनवतात, माझी त्याच्या कितीतरी आधीची, त्यामुळे रबर आणि सील यांना त्रास होऊ शकतो हे मान्य. अ‍ॅव्हरेजचं म्हणाल तर नीती आयोगाच्या २०२१ च्या रिपोर्टमध्येच आहे की जुन्या पद्धतीच्या चारचाकीला ६-७ टक्के फटका बसेल. इथेनॉल पाणी पण ओढतं, गाडी पावसाळाभर उभी ठेवणाऱ्यांनी काळजी घ्यावी. पण माझा जुना पंप मी कापून बघितला, कार्बन नखाएवढे उरले होते आणि कम्युटेटरवर खोल चरे. ही सरळ झीज आहे, इतकी वर्षं फिरलेली मोटर. तिचं पाप इथेनॉलवर मी कशाच्या आधारावर टाकू? उद्या नवीन मोटर दोन वर्षांत गेली आणि आत रबर विरघळलेलं मिळालं तर फोटोसकट लिहीन.

आणि तुम्ही शेवटी विचारलं होतं की पंप बदलल्यापासून तुमच्या पुतण्याच्या गाडीचा पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या वर जात नाही. बहुतेक सांगाडा आत घालताना फ्लोटची तार वाकलीये किंवा फिरवून बसवल्यामुळे फ्लोट टाकीच्या भिंतीला अडकतोय. झाकणावर बाणाची खूण असते ती टाकीवरच्या खुणेशी जुळते का बघायला सांगा. जुळत असेल तर बाहेर काढून फ्लोट हाताने वरखाली करत ओहम मोजा, मधेच उडी मारत असेल तर सेंडरची (फ्लोटवरून काट्याला सिग्नल देणाऱ्या भागाची) पट्टी गेली, नसेल तर तारच सरळ करायचीये.