‘वॉग’ ही मानाची उपाधी नव्हती

इंग्रजी शिव्या म्हणजे मुळात सरकारी कागदांवरची आद्याक्षरं होती, असं सांगणारा फॉरवर्ड आता भाचीच्या वर्गाच्या ग्रुपवर ‘ज्ञानवर्धक माहिती’ म्हणून पोहोचलाय. मुलं हे पाठ करतील, म्हणून गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक मुद्दा ‘वॉग’चा, म्हणजे परक्या, सावळ्या लोकांसाठीच्या इंग्रजी शिवीचा. म्हणे ‘वर्दी ओरिएंटल जेंटलमन’, म्हणजे लायक पौर्वात्य सद्गृहस्थ, आणि इंग्रज आपल्या लोकांना तसं आदराने म्हणत. धादांत खोटं. फ्रँक बोवेन यांचा खलाशांच्या बोलीचा कोश 1929 साली निघाला. या शब्दाच्या अगदी सुरुवातीच्या छापील नोंदींपैकी एक त्यात आहे. अर्थ काय दिलाय? हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरचे, जहाज कचेऱ्यांतले खालच्या दर्जाचे बाबू कारकून. यात आदर कुठे दिसतो? पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांनी इजिप्तमधल्या लोकांना हाच शब्द लावला, आणि ऑस्ट्रेलियात तो ग्रीक-इटालियन स्थलांतरितांच्या वाट्याला आला. तिथे त्यांची मुलं आज आपापसांत तो मजेने वापरतात; बाहेरच्याने वापरला तर मात्र अपमानच. शिवाय ‘वर्दी’च्या जागी कुणी ‘वेस्टर्नाइज्ड’ सांगतं, कुणी ‘वायली’, म्हणजे धूर्त. लायक आणि धूर्त एकाच वेळी कसं चालेल? शब्द आधी रुळला आणि ही लांब रूपं मागाहून चिकटवली गेली.

‘वॉप’ ही इटालियन लोकांसाठीची शिवी म्हणजे ‘विदाउट पासपोर्ट’? हा शब्द अमेरिकेत पहिल्या महायुद्धाआधीच छापून आलाय, आणि तोवर तिथे उतरायला पासपोर्ट लागतच नसे. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, स्थलांतरितांच्या नाक्यावर, तपासणी व्हायची ती जहाजाच्या प्रवासी यादीवरून. मूळ आहे दक्षिण इटलीच्या बोलीतला ‘ग्वाप्पो’, म्हणजे ऐट मिरवणारा गुंड.

‘शिट’ म्हणे खताच्या पेट्यांवरचा ‘शिप हाय इन ट्रान्झिट’, म्हणजे ‘प्रवासात वर ठेवा’, हा शिक्का. त्याचं क्रियापद जुन्या इंग्रजीतलं आहे, जर्मन आणि डच भाषांत त्याची भावंडं आहेत. बस.

आद्याक्षरांतून शिवराळ शब्द कधीच बनत नाही, असं मात्र नाही. अमेरिकी सैन्यातला दुसऱ्या महायुद्धातला ‘स्नाफू’, म्हणजे ‘नेहमीप्रमाणे सगळा सावळागोंधळ’ अशा अर्थाच्या शिवराळ इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं, खरंच तसा बनला. पण असे शब्द मुख्यतः विसाव्या शतकातले. म्हणून पुढे पाठवण्याआधी ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात शब्दाची सर्वांत जुनी नोंद बघा. शब्द विसाव्या शतकाहून बराच जुना निघाला, किंवा एकाच शब्दाची तीन-चार लांब रूपं फिरत असली, तर तो फॉरवर्ड तिथेच डिलीट करा.