बराकपूरच्या शिपायांनी मागितले होते बैल

‘समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, या भीतीने कंपनीच्या शिपायांनी ब्रह्मदेशाच्या लढाईला नकार दिला, पैशाचा प्रश्नच नव्हता.’ हा मजकूर अनेकांनी पुढे पाठवला आहे. तो त्या शिपायांवर अन्याय करणारा आहे.

आधी मार्ग बघा. १८२४ साली कलकत्त्याजवळच्या बराकपूरच्या ४७व्या पलटणीला ब्रह्मदेशाच्या लढाईसाठी चितगावकडे जायचं होतं ते पायी. आपल्याला जहाजात चढवतील अशी धास्ती होती आणि शिपायांनी शपथाही घेतल्या, हे खरं. धर्म त्यात नव्हताच, असं मी म्हणणार नाही. पण त्यांचं गाऱ्हाणं वाचलं की पुन्हा पुन्हा बैल येतात. स्वतःची भांडी आणि अंथरूण वाहायला शिपायाने पदरमोड करून बैल करायचा, असा रिवाज होता. मोहिमेसाठी सरकारनेच बंगालमधले बैल उचलले, उरलेल्यांचे भाव कडाडले. मूळ पगार महिन्याला सात रुपये! त्यात घरी काय पाठवायचं आणि बैल कुठून आणायचा? म्हणून त्यांनी सरकारकडे बैल मागितले, दुप्पट भत्ता मागितला. २ नोव्हेंबरला सरसेनापती पॅजेटने परेडवर उभ्या असलेल्या त्याच पलटणीवर तोफा डागल्या. पळणाऱ्यांतले कित्येक हुगळीत बुडाले. पुढारी ठरवलेल्या बिंदी तिवारीला फाशी दिलं.

‘हिंदू शिपाई समुद्रापार जातच नसत’ हेही चूक. १८०१ साली मुंबईचे शिपाई इजिप्तला उतरले आणि वाळवंट तुडवत नाईलपर्यंत पोचले. १८११ला जावाच्या स्वारीत बंगालचे स्वयंसेवक शिपाई हजारांनी होते. राजीखुशीने आणि ठरलेल्या अटींवर विचारलं, तेव्हा माणसं जहाजात चढली.

आणि जिथे समुद्र नव्हता तिथे? १८४३ला सिंध खालसा झाला. मग तो ‘परमुलूख’ राहिला नाही, या सबबीवर जादा भत्ता बंद केला. उन्हाळा तोच, तापाच्या साथी त्याच, घरापासूनचं अंतरही तेच. फक्त कागदावरची सीमा सरकली होती. बंगालच्या ३४व्या पलटणीने त्या भत्त्याशिवाय सिंधकडे जायचं नाकारलं, आणि १८४४ला ती पलटणच मोडून टाकली.