'फक्त या, बाकी होईल' म्हणणाऱ्यांना

आज सकाळी आपल्या बर्मिंगहॅमकडच्या ग्रुपवर युद्धविरोधी मोर्चाचं पोस्टर आलं. कबुतर, ऑलिव्हची फांदी, आणि खाली ठळक अक्षरांत: 'पुढच्या शनिवारी लंडन. फक्त या, बाकी सगळं होईल!' त्याच्याखाली बावीस बदाम. चहा तसाच राहिला, डोकं फिरलं.

होत नाही हो. बाकी सगळं कोणीतरी बसून करावं लागतं. ते कोणीच केलं नाही की काकू लंडनच्या पार्क लेनवर उभ्या राहतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मागच्या मोर्चाला बर्मिंगहॅमकडून जी गाडी, म्हणजे भाड्याची कोच, गेली, तिच्यात आपल्या काकू होत्या. वय ६८, गुडघ्याला पट्टा, पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. संध्याकाळी गाडी त्यांना सोडून परत आली. दोन तास दहा मिनिटं त्या थंडीत उभ्या होत्या, मोबाइल बंद. ब्रॅडफर्डच्या दोन पोरींनी त्यांना चालवत मेरिलबोन स्टेशनला नेऊन ट्रेनमध्ये बसवलं. तेव्हा ग्रुपवर सगळ्यांनी ड्रायव्हरला शिव्या घातल्या. आज बावीस बदाम देणारेच होते ते!

युद्ध वाईट, ते थांबलं पाहिजे, हे इथे कोणाला पटवायला नको. ते पटतं म्हणूनच एकमेकांच्या यादीत आहोत. प्रश्न आहे एकोणपन्नास माणसं पहाटे उचलून, लंडनला चालवून, रात्री तितकीच्या तितकी घरी आणायचा.

सुरुवात ड्रायव्हरपासून करा, कारण दिवसाचं घड्याळ त्याच्या हातात असतं. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती, हे बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते दुसरं. यार्डात कामावर हजर झाल्यापासून त्याचा दिवस साधारण तेरा तासांचा. तो पंधरापर्यंत ताणता येतो, पण दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मधे फक्त तीनदा. काकूंच्या गाडीचा हिशोब मांडू. ड्रायव्हर यार्डात पावणेसहाला हजर झाला, कारण तीन ठिकाणी माणसं घ्यायची होती: आधी वुल्व्हरहॅम्प्टन, मग बर्मिंगहॅम, मग सोलिहल. पंधरा तास म्हणजे रात्री पावणेनऊला गाडी यार्डात परत हवी. शनिवारी संध्याकाळी लंडनमधून बाहेर पडून तीन ठिकाणी माणसं उतरवायची तर साडेतीन तास धरावेच लागतात. म्हणजे लंडन सोडायची शेवटची वेळ सव्वापाच. आणि त्या आठवड्यात त्याचे ताणायचे तीन दिवस संपलेले असते तर? सव्वातीन. सव्वातीनला अर्धा मोर्चा चालतच असतो.

गाडी ठरवताना म्हणून पहिला प्रश्न भाड्याचा नको. 'शनिवारच्या ड्रायव्हरचे पंधरा तास शिल्लक आहेत का?' हा हवा. दुसरा, गाडी युरो ६ (धुराच्या नव्या मानकाची) आहे का? नसेल तर लंडनच्या लो एमिशन झोनचे दिवसाला किमान १०० पाउंड लागतात, जुन्या गाडीला ३००, आणि ते कोण भरणार हे आधी लेखी घ्या. तिसरा, गाडीतलं टॉयलेट चालू असणार की कुलूपबंद? चौथा, गाडी दिवसभर कुठे थांबणार? पार्क लेनवर किंवा टेम्सकाठच्या एम्बँकमेंटला माणसं उतरवून ती तिथेच उभी राहील असं समजू नका. तिला कोच पार्क शोधावं लागतं, आणि ड्रायव्हरला खरीखुरी विश्रांती मिळावी लागते. दोन ड्रायव्हर घेतले तर तासांचा प्रश्न सुटतो, खर्च वाढतो.

माणसं घ्यायची ठिकाणं दोनच ठेवा. प्रत्येक जादा थांबा पंधरा मिनिटांचा म्हणून धरतात, पंचवीस मिनिटं खातो, कारण कोणीतरी गाडी पार्क करत असतं, कोणीतरी 'दोनच मिनिटं' असतं. वुल्व्हरहॅम्प्टनवाल्यांना राग येईल, येऊ दे. त्यांनी ट्राम किंवा ट्रेनने बर्मिंगहॅमला यावं. त्या एका थांब्याने काकूंचा संध्याकाळचा पाऊण तास खाल्ला.

पैशांचं सांगते. समजा गाडी ९०० पाउंडांना ठरली. ४९ ने भागू नका, ४० ने भागा. साडेबावीस पाउंड. आदल्या रात्री नऊ जण गळतातच, कोणाचं मूल आजारी, कोणाला झोप. तिकीट आधी विकायचं, परत नाही, आणि उरलेल्या पैशांतून विद्यार्थ्यांना दहा पाउंडांत बसवायचं. 'गाडीत बसल्यावर देतो' हे वाक्य ज्याच्या तोंडून आलं त्याची सीट धरू नका.

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते: एकट्या-दुकट्या तरुण माणसाला ट्रेनच बरी. बर्मिंगहॅमच्या मूर स्ट्रीट स्टेशनहून चिल्टर्न कंपनीची ट्रेन लंडनच्या मेरिलबोनला उतरवते. तिथून मार्बल आर्च, म्हणजे हाइड पार्कचा ईशान्येचा कोपरा, वीस मिनिटांच्या चालीवर, ट्यूबची (मेट्रोची) गरजच नाही. तीन ते नऊ जण एकत्र असाल तर ग्रुपसेव्ह या गटसवलतीत ऑफ पीक (कमी गर्दीच्या वेळेच्या) तिकिटावर एक तृतीयांश सूट. पण ॲडव्हान्स तिकीट परतीला घेऊ नका. ते ठरलेल्या एकाच ट्रेनला चालतं, आणि मोर्चा तुमच्या ट्रेनची वेळ बघून संपत नाही. लंडनच्या यूस्टन स्टेशनमार्गे जाणार असाल तर तिकिटावर एकाच कंपनीचं नाव छापलंय का बघा. लंडन नॉर्थवेस्टर्नचं स्वस्त तिकीट अवंतीच्या ट्रेनमध्ये चालत नाही, दंड बसतो. आणि शुक्रवारी रात्री रुळांची कामं पुन्हा तपासा. लंडनचा शनिवार-रविवार म्हणजे आपल्याकडचा मेगाब्लॉकच.

आता गर्दी. 'बाराला सुरू' म्हणजे बाराला पहिली रांग निघते. पंधरा मीटर रुंद रस्ता, चौरस मीटरला दोन माणसं, सेकंदाला अर्धा मीटर चाल. सेकंदाला पंधरा माणसं पुढे सरकतात, तासाला ५४,०००. एक लाखाचा मोर्चा असेल तर शेवटचा माणूस जवळजवळ दोन वाजता पहिलं पाऊल टाकतो. मागच्या वेळी आपली मंडळी बाराला दहा मिनिटं असताना पोहोचली, म्हणजे शेपटाला. काकू दोन तास एकाच जागी उभ्या होत्या, चालायच्या आधीच. थंडीत उभं राहणं चालण्यापेक्षा गुडघ्याला वाईट. ज्यांना त्रास आहे त्यांनी सुरुवातीच्या जागी जाऊच नये. शेवटचा एक किलोमीटर निवडावा, रस्त्याच्या कडेला घडीच्या स्टुलावर बसावं, आणि आपला बॅनर आला की आत शिरावं. तेवढ्याने मोर्चात आल्याचं पुण्य कमी होत नाही.

इथे कोणीतरी खाली लिहिणारच की २००३ ला इराक युद्धाविरुद्ध लंडनमध्ये लाखो लोक आपोआप आले होते. कोण म्हणालं आपोआप? १५ फेब्रुवारीच्या त्या मोर्चाची हाक आदल्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्सला दिली गेली. हाइड पार्क द्यायला तेव्हाच्या सांस्कृतिक मंत्री टेसा जॉवेल यांचं खातं आधी तयार नव्हतं, गवत खराब होईल हे एक कारण! त्यावर भांडून पार्क मिळवावं लागलं. एका रस्त्यावर माणसं मावणार नाहीत म्हणून सुरुवातीच्या जागा दोन केल्या, एम्बँकमेंट आणि गॉवर स्ट्रीट, आणि पिकॅडिली सर्कसला दोन्ही प्रवाह एकत्र आणले. पोलिसांचा आकडा साडेसात लाखांचा, आयोजकांचा वीस लाखांपर्यंत. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये कोर्टाने मोर्चाला परवानगीच नाकारली, फक्त फर्स्ट अ‍ॅव्हेन्यूवर उभं राहून सभा. आडव्या गल्ल्यांना पोलिसांचे कठडे, आणि असंख्य माणसं सभेपर्यंत पोहोचलीच नाहीत, शेजारच्या अ‍ॅव्हेन्यूंवर अडकून राहिली. माणसं दोन्हीकडे तितक्याच तळमळीची होती. फरक पडला तो रस्त्याचा.

हो, युद्ध थांबलं नाही. २० मार्चला सुरू झालंच. मान्य. पुढे.

घरचं उदाहरण हवं असेल तर २०१८ चा नाशिकचा शेतकरी मोर्चा आठवा. दिवसभर चालून शीवला सोमय्या मैदानावर पोहोचलेली माणसं पुन्हा उठून रात्रीतून आझाद मैदानापर्यंत चालली, सकाळी दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून. तो निर्णय वेळापत्रकाचा होता, आणि त्यानेच मुंबई त्यांच्या बाजूने झाली.

असो. राग जरा उतरलाय, कामाचं लिहिते.

गाडीतून उतरताना प्रत्येकाच्या हातात कागद द्या. व्हॉट्सॲप नव्हे, कागद. त्यावर परतीची जागा (रस्त्याचं नाव आणि ओळखायची खूण), निघायची वेळ, गाडीचा नंबर, गाडीप्रमुखाचा मोबाइल, आणि चुकलात तर कुठलं स्टेशन व शेवटची ट्रेन किती वाजता. लाखभर माणसं एका ठिकाणी आली की डेटा बसतो, फोटो जात नाहीत, नकाशा फिरत राहतो. साधा एसएमएस बऱ्याचदा जातो. त्या दिवशी पार्क लेन बंद झाल्यावर गाडीची जागा मागच्या रस्त्यावर हलवली, आणि निरोप गेला फक्त ग्रुपवर. काकूंची बॅटरी दोन वाजताच गेली होती, थंडीत व्हिडिओ काढून. १०,००० एमएएचची पॉवर बँक प्रत्येक पाच जणांमागे एक, ती खिशात उबेला ठेवायची.

पाच-पाचची टोळी करा आणि मोजणी टोळीप्रमुखाची. ४९ डोकी एकट्याने मोजता येत नाहीत, नेहमी ४८ भरतात किंवा ५०.

बॅनर तीन मीटरपेक्षा मोठा नको. एम्बँकमेंटला नदीवरून वारा आला की तो शीड होतो आणि धरणारे टेम्समध्ये जायला निघतात. कापडाला अर्धगोल चिरा द्या, वारा पार होतो. धरणारे दोन, बदली दोन. फलकाला मार्कर वापराल तर पाऊस पडल्यावर अक्षरं शर्टावर येतात. निवडणुकीच्या पाट्यांचं ते नागमोडी प्लास्टिक आणि चिकटपट्टीची अक्षरं, हे चार मोर्चे टिकतं. आणि दुसऱ्याने हातात दिलेला फलक आधी वाचा. बंदी असलेल्या संघटनेचं नाव त्यावर असेल तर गुन्हा धरणाऱ्यावर लागू शकतो.

व्हिसावाल्यांची भीती मी हसण्यावारी नेत होते, ते चुकलं. कायदेशीर मोर्चात चालायला नागरिक असावं लागत नाही. पण अटकेनंतर पोलिसांची ताकीद ('कॉशन', गुन्हा कबूल केल्यावर मिळते ती) स्वीकारली तर ती पुढच्या अर्जात लिहावी लागते, म्हणून वकिलाशी बोलल्याशिवाय ती घेऊ नका. पोलीस मार्गावर आणि वेळेवर अटी घालतात, त्या आदल्या दिवशी वाचा. 'मला माहीत नव्हतं' हे आता सहज चालत नाही. कायदेशीर मदतीचा नंबर मोबाइलमध्ये नको, मनगटावर बॉलपेनने.

पाणी घोट घोट. मोठ्या रेल्वे स्टेशनांवरची टॉयलेट बहुतेक फुकट आहेत, मार्गावरची शोधत बसू नका, जाताना महामार्गावरच्या बीकन्सफील्डच्या विश्रांती-थांब्याला थांबा. वीस मिनिटांचा थांबा ४९ माणसांना पस्तीस मिनिटांचा होतो, तेवढे धरून ठेवा.

आणि त्या ड्रायव्हरबद्दल. तो चाळीस मिनिटं थांबला होता. अजून थांबला असता तर त्याचं लायसन्स धोक्यात आलं असतं. निघायच्या आधी खाली उतरून तो दोन्ही टोकांना काकूंना बघून आला, हे नंतर कळलं. शिव्या त्याच्या वाट्याच्या नव्हत्या. जागा बदलल्यावर कागद घेऊन जुन्या जागेवर उभं राहायला कोणालाच सांगितलं नव्हतं. या वेळी ते काम दोघांना दिलंय, पिवळं जॅकेट घालून, गाडी निघेपर्यंत जुन्या जागेवरून हलायचं नाही.

दुपारी काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "मी येतेय गं. पण तो कागद या वेळी मोठ्या अक्षरात छाप, चष्मा पिशवीच्या तळाशी असतो." अक्षर अठरा पॉइंटचं केलंय. गाडीत अजून अकरा सीट आहेत, पैसे गुरुवारपर्यंत.