पितळात ड्रिल ओढतं हो! (आणि त्या फॉरवर्डमधलं बाकीचं)

परवा जेवायला बसलो आणि ताईचा फोन. "अरे तू मशीनवाला ना, ग्रुपवर टाकलंय ते वाच आणि सांग खरं का खोटं, आपला पिंट्या तिकडे तेच करत बसलाय म्हणे." पिंट्या म्हणजे भाचा, टेक्सासला असतो, रविवारी नेमबाजीच्या रेंजवर जातो आणि वापरलेली काडतुसं घरी परत भरतो. तिकडे तो कायदेशीर छंद आहे, आपल्याकडे लोक कॅरम खेळतात तसा. मेसेजचं नाव "मिलिटरीची पुंगळी फेकू नका, पाच मिनिटांत क्रिम्प काढा", शेवटी तीन हात जोडलेले इमोजी आणि "जास्तीत जास्त शेअर करा". वाचला आणि भाकरी तशीच राहिली.

आधी क्रिम्प म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या, बुडाला एक छोटा खड्डा असतो, त्यात प्रायमर म्हणजे एक टिकली बसते, तिच्यावर पिन आपटली की ठिणगी पडते. लष्करी काडतुसात ही टिकली ऑटोमॅटिक फायरिंगमध्ये निसटून बंदुकीच्या आत अडकू नये म्हणून कडेचं पितळ आतल्या बाजूला दाबून टाकतात. तोच क्रिम्प. जुनी टिकली काढली तरी दाबलेला ओठ तिथेच राहतो आणि नवी बसवताना आडवा येतो. काढायचा तो ओठ. खड्डा नाही! हा मेसेज लिहिणाऱ्याला एवढंच कळलेलं नाही.

पहिला मुद्दा, "क्रिम्प काढायची गरजच नाही, प्रायमर जोर लावून दाबला की बसतो." बसतो ना, चेपून बसतो, तिरका बसतो, नाहीतर हातातच उडतो. पुढे.

दुसरा मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. "4.5 मिमीचं ड्रिल हँडड्रिलला लावा आणि पंधरा सेकंद मारा, पितळ मऊ असतं, जेवढं जास्त कापाल तेवढा प्रायमर सहज जाईल." अहो सहज जाईल आणि तसाच सहज बाहेरही येईल! अमेरिकेत सामी म्हणून काडतुसांची मापं ठरवणारी संस्था आहे, तिच्या ड्रॉइंगप्रमाणे छोट्या रायफल प्रायमरचा खड्डा 0.1730 ते 0.1745 इंच. म्हणजे सगळा टॉलरन्स, मापातली सूट, दीड थाऊ, आणि थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिलिमीटरमध्ये 4.39 ते 4.43, आणि टिकली स्वतः त्याहून किंचित मोठी, 4.43 ते 4.48, म्हणून ती प्रेस फिट बसते. आता तुम्ही 4.5 चं भोक पाडलंत तर भोक टिकलीपेक्षा मोठं झालं, पुंगळी उलटी धरली की टिकली टेबलावर. आणि 4.5 चं ड्रिल हातात धरून मारलं की भोक 4.5 चं कधीच येत नाही, मोठंच येतं, आमच्या नाशिकच्या सातपूरमधल्या कुठल्याही शेडमधला पहिल्या वर्षाचा आयटीआयवाला पोरगा सांगेल. त्यात पितळ. पितळात ड्रिल ओढतं, धार आत घुसते आणि एकदम खेचून घेते, म्हणून आम्ही पितळाचा जॉब असला की ड्रिलची धार दगडावर जरा मारून घेतो. हा बाबा म्हणतो पितळ मऊ, कसंही कापा. भांडी बाजारात जाऊन एखाद्या तांबटाला विचारा, ठोकलेलं पितळ किती कडक होतं ते. वर ड्रिलचं टोक निमुळतं, खड्ड्याचं बूड सपाट हवं, तेही गेलं, आणि मधलं ठिणगीचं बारीक भोक मोठं झालं ते वेगळंच.

बरं झालं मोठं, बिघडलं काय? पिंट्याच्या .223 काडतुसात गॅसचा दाब 55,000 पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर 55,000 पाउंडांपर्यंत जातो. तुमच्या स्कूटीच्या टायरमध्ये तीसच्या आसपास असतो. टिकली सैल असली की तो गॅस मागून निघतो, बोल्टचं, म्हणजे काडतूस मागून बंद धरणाऱ्या दांड्याचं, तोंड जाळतो, आणि बोल्टच्या मागे नेम धरलेल्या माणसाचा गाल असतो.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, मनाविरुद्ध. मेसेजमध्ये म्हटलंय महागडं मशीन लागत नाही, ते खरंय. स्वेजिंगचं टूल ओठ दाबून परत बाहेर सारतं, रीमर तो कापतो, आणि भोकाची कड तिरकी कापणाऱ्या साध्या काउंटरसिंकने हातानेसुद्धा ओठ निघतो, कडेला हलकासा चॅम्फर म्हणजे उतार आला की थांबायचं. थांबायचं, हा शब्द त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

तिसरा, "मिलिटरीचं पितळ जाड, म्हणून बारूद जास्त भरा." अर्धं खरं. काही लष्करी पुंगळ्या जाड असतात, 7.62 मिमीच्या रायफल काडतुसात फरक चांगलाच दिसतो. पण भिंत जाड म्हणजे आतली जागा कमी, जागा कमी म्हणजे दाब जास्त, म्हणजे बारूद कमी करायची. बरोब्बर उलटं सांगितलंय.

चौथा, "जिवंत प्रायमर रात्रभर तेलात बुडवला की मेला, मग हातोडी मारून काढा." लष्करी टिकलीला ओल लागू नये म्हणून लाखेसारखं सील मारलेलं असतं, ती काय तुमच्या वाटीभर तेलाला घाबरते होय? आणि भिजलेली टिकली वाळली की परत पेटू शकते. पाचवा, "आतली काजळी तोंडाने फुंकून साफ करा", त्या काजळीत शिसं असतं, फुंकलं की उडून तुमच्याच नाकात. घरात लहान पोरं असतात हो.

आणि सहावा, तळाशी बारीक लिहिलेला. "नाशिककरांनो, देवळालीच्या रेंजजवळ अशा पुंगळ्या फुकट मिळतात." इथे मात्र हसू गेलं. देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, 2018 ला के-9 वज्र तोफा इथेच लष्करात दाखल झाल्या. अशा 155 मिमीच्या तोफेला पितळी पुंगळीच नसते, गोळा वेगळा आणि बारूद वेगळी जाते. तिथे पडलेलं जे काही मिळेल ते न फुटलेलं असू शकतं. ऑक्टोबर 2024 मध्ये याच रेंजवर सरावात गोळा फुटून दोन अग्निवीर गेले, ती तर ट्रेनिंग घेतलेली पोरं होती. आणि लायसन्सशिवाय काडतूस भरणं म्हणजे शस्त्र कायदा 1959 चं कलम 5 मोडणं, 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. टेक्सासचा छंद नाशिकला आणला की सातपूर पोलीस स्टेशन.

पिंट्याला व्हिडिओ कॉल केला. "मामा, मी रीमरच वापरतो, पण परवा घाईत चाळीसेक पुंगळ्यांवर ड्रिल मारून पाहिलं." म्हटलं प्लग गेज, भोकाचं माप तपासायची कांडी, आहे का? होतं. नो-गोची बाजू, जी बरोबर मापाच्या भोकात शिरताच कामा नये, ती आधी लाव म्हटलं. कॅमेऱ्यासमोर एकेक लावत गेला, पहिल्या दहातल्या नऊ पुंगळ्यांत नो-गो सरळ आत. उरलेल्या मोजायचं सोडून दिलं, सगळ्या पक्कडीने चेपून भंगारच्या डब्यात टाकायला लावल्या.

ताईला एवढंच कळवलं की पोरगा ठीक आहे आणि तो मेसेज डिलीट कर. तिने केला, पण त्याआधी मावशींच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर गेलेला होता.