९९०० एमएएचचा १८६५० सेल जगात कोणीच बनवत नाही

डोक्याला लावायच्या हेडलॅम्पच्या सेलवर ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-अवर, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलेलं दिसलं, तर तो सेल दुकानातच ठेवून या. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, पुन्हा चार्ज होणारा लिथियमचा नळकांडी सेल. पॅनासोनिक, सॅमसंग, एलजी यांच्यासारख्या कंपन्यांचे या मापाचे सेल ३५००-३६०० एमएएचपर्यंत जातात. अलीकडचे मोजके सेल ४००० च्या आसपास पोचलेत. तेवढ्या डब्यात त्याहून जास्त माल मावतच नाही. त्यामुळे ५८००, ६८००, ९९०० हे आकडे म्हणजे सरळ सरळ फसवणूक आहे.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापासून जत्रेच्या फेरीपर्यंत आणि ऑनलाइनवर तर ढिगाने असे सेल मिळतात. मोजायला घेतले की बहुतेक ५०० ते १२०० एमएएच भरतात. एक अँपिअर ओढणारा हेडलॅम्प ३००० एमएएचच्या खऱ्या सेलवर तीनेक तास चालतो, ८०० वाल्यावर पाऊण तासात विझतो. सत्तरी तालुक्यात काजूच्या बागेत गव्यांची राखण करणाऱ्याला किंवा रात्री होडी घेऊन खाडीत उतरणाऱ्याला हा फरक भलताच महागात पडू शकतो.

हा हलका माल ओळखायला स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा पुरतो. चांगल्या १८६५० सेलचं वजन ४४ ते ४९ ग्रॅम असतं. काटा २५-३५ ग्रॅम दाखवत असेल तर आत माल कमी आहे, याबद्दल शंका नको. काही सेल कापून पाहिले तर आत एक छोटा सेल आणि बाकी जागेत पावडर भरलेली निघाली आहे. (घरी कापायला जाऊ नका. चार्ज असलेला सेल कापला तर हातातच पेट घेतो.)

पण माझ्या मते हलक्या सेलपेक्षा घातक आहेत ते वजनात चोख उतरणारे. लॅपटॉपच्या भंगारातल्या बॅटऱ्या फोडायच्या, सेलला वेल्ड केलेली निकेलची पट्टी पकडीने ओढून काढायची, वेल्डचे टवके घासायचे, वर नवीन पीव्हीसीचं आवरण चढवून गरम हवेने आवळायचं आणि हवा तो आकडा छापायचा. असा सेल काट्यावर ४५ ग्रॅम भरतो आणि मीटरवर ३.७ व्होल्टही दाखवतो.

त्याचं दुखणं आत असतं. भंगारात महिनोन्महिने पडून सेल २ व्होल्टच्या खाली उतरला, की ऋण बाजूच्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं. पुन्हा चार्ज करताना तेच तांबं भलत्या ठिकाणी जमतं, मधल्या पातळ पडद्यातून पलीकडे पोचतं आणि सेल आतल्या आत शॉर्ट होतो. हे दुकानात कळत नाही. रात्री चार्जिंगला लावून घर झोपल्यावर कळतं. शिवाय लॅपटॉपमधली संरक्षक सर्किट पट्टी तिथेच राहिलेली असते, त्यामुळे जादा चार्जिंग तोडणारं सर्किट सेलजवळ नसतं. आवरणावर ‘प्रोटेक्टेड’ छापलेलं असतं, पण खऱ्या प्रोटेक्टेड सेलच्या बुडाला सर्किटची चकती असते आणि त्याची लांबी ६८-७० मिलिमीटर भरते. फुटपट्टी लावा.

सेल घेताना दोन्ही टोकं उजेडात धरून बघा. ऋण बाजूच्या उघड्या पत्र्यावर सुईने टोचल्यासारखे जोडीजोडीने खड्डे दिसले, किंवा घासल्याचे बारीक चरे दिसले, तर तो कधीतरी कुठल्यातरी पॅकमध्ये वेल्ड झालेला होता. धन टोकाला आवरणाची कड वेडीवाकडी असेल, त्याखालची गोल इन्सुलेटर चकती गायब असेल, तर घेऊ नका. मोठ्या कंपन्यांचं नाव वाचून भुलायचं नाही. या कंपन्या हे सेल पॅक बनवणाऱ्यांसाठी काढतात, सुटे विकण्यासाठी नाही. सोनीने तर आपला बॅटरीचा धंदा २०१७ मध्येच मुराता कंपनीला विकला.

घरी आणल्यावर मल्टिमीटर लावा. दोन-तीनशे रुपयांचा चालेल. नवा सेल साधारण ३.५ ते ३.७ व्होल्ट दाखवतो. २.५ च्या खाली असेल तर चार्ज न करता परत करा. पहिलं चार्जिंग जागेपणी, फरशीवर, पडदे-गादीपासून लांब. सेल कोमट झाला तर ठीक, हातात धरवेनासा झाला तर लगेच वीज बंद करा. चार्ज पुरा झाल्यावर ४.२० च्या आसपास आकडा हवा. ४.२५ च्या वर गेला तर दोष चार्जरचा, तो टाकून द्या. मग सेल आठवडाभर नुसता ठेवा आणि पुन्हा मोजा. ४.१ च्या खाली घसरला असेल तर तो आतून गळतोय, वापरू नका. दोन सेलच्या टॉर्चमध्ये एक जुना आणि एक नवा कधीही घालू नका. कमजोर सेल आधी संपतो आणि दुसरा त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलत राहतो.

भजनी मंडळांच्या कॉर्डलेस माइकमधले चार्ज होणारे पेन्सिल सेल निकेल-मेटल हायड्राइडचे असतात, १.२ व्होल्टचे. त्यांची मर्यादा ‘एए’ला साधारण २७००-२८०० आणि ‘एएए’ला ११०० एमएएच. त्याहून मोठा आकडा खोटा. ऐन चवथीच्या आरतीत माइक बंद पडतो तो बहुधा यामुळेच.

बिल मागा. या सेलना भारतात आयएस १६०४६ या मानकाखाली बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी सक्तीची आहे, आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून बघता येतो. नुसता क्रमांक असून भागत नाही, तो चोरून छापणं सोपं आहे. ॲपमधलं कंपनीचं नाव सेलवरच्या नावाशी जुळायला हवं. आपल्या दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे: होलसेलवाल्याकडे हा क्रमांक मागा, नसेल तर माल उचलू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या ‘उत्पादन दायित्वा’च्या तरतुदीत विक्रेताही येतो.

सेल पेटलाच तर आधी माणसं बाहेर काढा, १०१ ला फोन लावा. धूर विषारी असतो, त्यात वाकून बघू नका. चार्जरची वीज तोडता आली तर तोडा आणि लांबून भरपूर पाणी मारा. आग विझली तरी सेल गार होईपर्यंत पुन्हा पेटू शकतो.

बाद झालेले सेल पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात टाकू नका. तो कचरा शेडमध्ये बायका हाताने वेगळा करतात, आणि गाडीत दाबला गेलेला एक सेल अख्खी गाडी पेटवू शकतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, प्लास्टिकच्या डब्यात कोरड्या जागी ठेवा आणि ई-कचरा गोळा करणारे येतील तेव्हा ‘यात लिथियमचे सेल आहेत’ असं सांगून त्यांच्या हातात द्या.